तळवे दाखवा

४ मार्च, मंगळवार

चारची बॅच. लहान मुलांची. अकरा जण काठावर ओळीने बसून पाण्यात पाय मारत होते, मी त्यांच्या मागून फेऱ्या घालत मोजत होतो — एक-दोन, एक-दोन, गुडघे सरळ. टोकाला जाऊन वळलो तर लादीवर लाल ठिपके. एखाददुसरा नाही, ओळच. कपडे बदलायच्या खोलीपासून उथळ पाण्याच्या शिडीपर्यंत, आणि तिथून मुलांच्या पाठीमागे.

शिट्टी मारली. सगळ्यांना भिंतीला टेकून बसवलं. कोणाला लागलंय? तळवे दाखवा. बावीस तळवे वर झाले. पाण्याने सुरकुतलेले, गुलाबी, माझ्या एका मुठीत दोन मावतील एवढाले. वाकून एकेक पाहिला. कोणालाच काही नव्हतं. मग मी चिडलो. लागलं तर सांगायचं असतं, लपवणाऱ्याला पोहणं शिकवता येत नाही, असलं बरंच बोललो. सत्तावीस वर्षं शिकवतोय, भाषण तोंडात तयारच असतं. एका मुलाला रडू फुटलं. त्याला वाटलं, रक्त त्याचंच असणार.

बेडकी बोलली शेवटी. सहा वर्षांची आहे. पाय इतके सुरेख मारते की मी तिचं नावच ते ठेवलंय. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. खाली बघत होती.

"सर, तुमचा पाय आहे."

उजवा पाय उचलून पाहिला. अंगठ्याशेजारच्या बोटाखालून रक्त येत होतं, पाण्यात मिसळून तळवाभर पसरलं होतं. आणि मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. दुसऱ्या कोणाचा तरी पाय हातात धरावा तसं.

हसलो. काहीतरी टोचलं वाटतं, म्हणालो. मुलं हसली नाहीत.

अर्ध्या तासापूर्वी मी त्यांच्याबरोबर पाण्यात होतो. बेडकीला हातावर घेऊन तरंगायला शिकवत होतो. तिच्या नाकातोंडात ते पाणी गेलंय.

मॅनेजर धावत आला. काय झालं विचारलं. काच असेल, म्हणालो. लादीवर कुठेतरी काच पडली असेल.

काच का म्हणालो? साखर म्हणण्यापेक्षा काच बरी वाटली. चौदा वर्षं झाली साखरेला, क्लबात कोणाला ठाऊक नाही. गोळ्या कपडे बदलायच्या खोलीत, कपाटाच्या दाराआड तोंड घालून घेतो. पोहणं शिकवणारा माणूस धडधाकट लागतो. निदान तसा दिसावा लागतो.

५ मार्च, बुधवार

हिला सांगितलं नाही. बाथरूमला कडी लावून आरसा जमिनीवर ठेवला आणि त्यावर पाय धरला. बोटाखाली घट्टा आहे, जुना. तो मधोमध फाटलाय आणि आत खड्डा आहे. पांढरट. वास येतोय.

गेल्या आठवड्यात मोज्यावर डाग दिसला होता. बुटाचं पॉलिश असेल म्हणून मोजा धुवायला टाकला होता. माझे बूट काळे, डाग तपकिरी. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंच असेल.

६ मार्च, गुरुवार

तलाव बंद. पाणी सोडून दिलंय. मी बूट घालून उगाच चक्कर मारायला गेलो, न गेलो तर वेगळं दिसेल म्हणून. रिकामा तलाव बघवत नाही. पाणी नसलं की तो केवढा खोल आहे ते दिसतं.

खाली मावशी गुडघ्यांवर बसून काच शोधत होत्या. सफाईच्या मावशी. माझ्याहून लहान असतील चार-पाच वर्षांनी, पण सगळा क्लब मावशी म्हणतो म्हणून मीही म्हणतो. एका हातात बॅटरी, एका हातात ओलं फडकं. फरशीच्या एकेका फटीत उजेड पाडून बघत होत्या. कालपासून हेच चाललंय, मॅनेजर म्हणाला.

मला बघून थांबल्या. पाय कसा आहे सर, विचारलं. बरा आहे म्हणालो. डॉक्टरांना दाखवा, म्हणाल्या. काचेबद्दल अवाक्षर नाही.

बघतो, म्हटलं, आणि पाय काढता घेतला.

७ मार्च, शुक्रवार

मावशी म्हणाल्या म्हणून नाही, मोजा भिजून ओल बुटापर्यंत आली म्हणून गेलो. घराजवळचे डॉक्टर नाही — ते हिला ओळखतात. दोन बसेस बदलून भलत्याच डॉक्टरकडे.

त्याने जखमेत सळई घातली. पेरभर आत गेली. मला कळलं नाही. मी त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. हाडाला लागतेय, म्हणाला. काचेचं सांगितलं तर त्याने मानच हलवली. काच कसली? घट्ट्याखाली सडत होतं. दहा दिवसांचं तरी आहे हे.

मग त्याने विचारलं, दहा दिवस कळलं कसं नाही तुम्हाला?

नसा बधिर झाल्यात, दुखत नाही, म्हणून रोज बघायचा असतो पाय — हे त्यानेच मग सांगितलं. मला ते ठाऊक होतं. चौदा वर्षांत चौदा जणांनी सांगितलं असेल.

आजच दवाखान्यात दाखल व्हा, म्हणाला. सोमवारी होतो, म्हणालो. चिठ्ठी खिशात घालून घरी आलो.

म्हणजे काच नव्हती. हे आता फक्त त्याला आणि मला ठाऊक आहे, आणि तो क्लबात कोणाला ओळखत नाही.

८ मार्च, शनिवार

मॅनेजरचा फोन. दोन दिवस शोधूनही काच सापडली नाही. न सापडण्याचा अर्थ त्याने असा लावला की मावशींना ती सापडली आणि त्यांनी गुपचूप टाकून दिली. रडणाऱ्या मुलाच्या वडिलांनी लेखी तक्रार दिलीय, खापर कोणाच्या तरी डोक्यावर फोडायला हवं होतं. मावशींना आजपासून बंद केलं. अकरा वर्षं होत्या.

काही बोलल्या का, विचारलं. नाही म्हणाला, त्याचंच नवल वाटलं. भांडतील असं वाटलं होतं. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, रबरी चपला पिशवीत घातल्या आणि गेल्या.

तुम्ही आता काळजी घ्या सर, म्हणाला. पगारी रजा मंजूर केलीय. कामावर असताना लागलंय ना.

मी म्हणालो, बरं.

९ मार्च, रविवार

बरं म्हणालो.

१७ मार्च, सोमवार

दवाखाना. आज लिहायला बसता येतंय.

सोमवारपर्यंत वाट बघायची वेळच आली नाही. रविवारी जेवताना थंडी वाजून आली, दात वाजायला लागले. हिने अंगाला हात लावला आणि पांघरूण आणायला धावली. पांघरूण घालताना पायात बूट दिसले. चार दिवस मी घरात बूट घालून वावरत होतो. पायाला सवय व्हावी म्हणून नवे बूट रुळवतोय, असं सांगितलं होतं. तिने खाली बसून नाडी सोडली. मी नको नको म्हणत होतो. मोजा निघाला आणि वास आला.

ही चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांना विचारते, आता नीट दिसतंय का? आणि तिच्या घरात, तिच्या डोळ्यांसमोर हे.

ओरडली नाही. रिक्षात एकच वाक्य बोलली. "मी कोण आहे तुमची? मला तर सांगायचं."

बोट काढलं. अंगठ्याशेजारचं. हाड सडलं होतं. उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून ते अभिनंदनासारखं आलं.

ही रात्रंदिवस इथेच आहे. सगळं करते. माझ्याशी मात्र लागेल तेवढंच बोलते.

२२ मार्च, शनिवार

घरी. पाय उशीवर. भोक पाडलेला जाड बूट दिलाय, जखमेवर भार नको म्हणून. तो घालून चाललो तर शेजारच्या फ्लॅटपर्यंत टक्‌ टक्‌ ऐकू जातं. म्हणून चालत नाही.

लेकीचा फोन, चेहरा बघून बोलायचा. परगावी असते. बाबा, पाय दाखवा, म्हणाली. कॅमेरा कसा फिरवतात ते जमत नाहीये म्हणालो. मोबाइलवर तीन-तीन तास बुद्धिबळ खेळतो मी, तिला ठाऊक आहे. तिने पुन्हा विचारलं नाही.

२३ मार्च

पायाकडे अजून पाहिलेलं नाही. पट्टी बदलताना खिडकीकडे तोंड करतो. समोरच्या इमारतीत एक बाई रोज त्याच वेळी गाद्या झटकते. तिचा चेहरा आता पाठ झालाय.

२६ मार्च, बुधवार

पायांचा दवाखाना. दर बुधवारी यायचं. बाकावर ओळीने माणसं, सगळ्यांचे बूट एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरा. कोणी कोणाच्या पायाकडे बघत नाही. सगळे छताकडे बघतात. जणू पंखे विकत घ्यायला आलोय.

पट्टी करणाऱ्या सिस्टर जाडजूड, बडबड्या. पट्टी झाल्यावर त्यांनी एक कागद काढला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं झालं का? झोप येते का? आपण घरच्यांना नको तेवढा त्रास दिला, आपण नालायक आहोत, असं वाटतं का? कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज — यातलं एक सांगायचं.

कधीच नाही. नऊ वेळा. नववा प्रश्न असा होता की आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का. त्याचं उत्तर सगळ्यात पटकन दिलं.

सिस्टरांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पहिला नंबर आलाय तुमचा, म्हणाल्या. एवढा सुखी माणूस ह्या खोलीत मी पाहिला नाही. मग कागद घडी करत म्हणाल्या, "इथे लोकांना पाय दाखवायची लाज वाटते. पण मनाचं विचारलं की लगेच पाय पुढे करतात."

मीही हसलो. बाहेर येऊन हिला म्हणालो, छान चाललंय म्हणाल्या.

३० मार्च, रविवार

आपल्या बोलण्यात पायच पाय भरलेत, आधी कधी लक्षात आलं नव्हतं. शेजारचे आजोबा दारातून म्हणाले, जरा पाय मोकळे करून या की. मेहुणा फोनवर म्हणाला, लवकर स्वतःच्या पायांवर उभे राहा. आणि मग दोघंही बोलता बोलता एकदम गप्प. त्यांची पंचाईत बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ एप्रिल

पट्टी. नऊ वेळा कधीच नाही.

५ एप्रिल, शनिवार

बेल वाजली. दारात बेडकी आणि तिची आई. बेडकीने चित्र काढून आणलं होतं. मी आतून आवाज ओळखला आणि हिला हाताने खूण केली — झोपलोय म्हण. हिने माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन म्हणाली, झोपलेत.

भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. बेडकी विचारत होती, सरांचं बोट परत येणार का? दातासारखं? तिचा आत्ताच दात पडलाय. आई तिला दटावत होती.

मी पलंगावर डोळे मिटून पडून राहिलो. दार बंद होतं, कोणी बघायला येणार नव्हतं, तरी मिटलेलेच ठेवले. चोपन्न वर्षांचा माणूस सहा वर्षांच्या पोरीला भिऊन झोपेचं सोंग घेतोय. त्या पोरीच्या पाण्यात माझा पू मिसळला होता. ती मला चित्र घेऊन येते.

चित्र हिने टेबलावर ठेवलंय. मी उघडून पाहिलेलं नाही.

६ एप्रिल

क्लबातून पगार जमा झाला. पूर्ण. कामावर असताना लागलं म्हणून.

मावशींना काय जमा झालं असेल?

९ एप्रिल, बुधवार

गेलो नाही पट्टीला. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

१० एप्रिल

काही नाही.

१२ एप्रिल, शनिवार

हे लिहू की नको. लिहितो. ही वही कोणी वाचत नाही.

ही कामावर गेली होती. मी बाथरूममध्ये स्टुलावर बसलो होतो, नळ चालू, बादली भरून वाहत होती. किती वेळ ते सांगता येणार नाही. काही करायला म्हणून गेलो नव्हतो. करायचं काय ह्याचाही विचार नव्हता. एवढंच येत होतं मनात की मी नसेन तर ही पट्ट्या आणायची थांबेल, लेक खोटं खोटं हसायची थांबेल, आणि ते काचेचं कोणाला सांगायचं राहणार नाही. सगळं एकदम नीटनेटकं होईल. ते इतकं सोपं वाटलं की त्याचीच भीती वाटली.

पाणी दाराखालून बाहेर गेलं. ही दुपारी जेवायला आली तर पॅसेजभर पाणी. दार धडाधडा वाजवलं. उघडलं तर म्हणाली, काय करताय? बसलोय, म्हणालो. ती तशीच ओल्या फरशीवर खाली बसली, कामावरच्या चांगल्या कपड्यांत, आणि माझा पाय मांडीवर घेऊन पट्टी भिजली का बघायला लागली. भिजली होती.

किती दिवस असं बसताय? तिने विचारलं. वर न बघता.

बरेच दिवस, म्हणालो.

१६ एप्रिल, बुधवार

ही बरोबर आली. रजा काढून. सिस्टरांनी पट्टी केली आणि कागद काढला. मी म्हणालो, आज उत्तरं वेगळी आहेत.

त्यांनी विनोद केला नाही. दार लावलं, स्टूल जवळ ओढलं आणि एकेक प्रश्न हळू विचारला. जवळजवळ रोज. जवळजवळ रोज. नवव्याला काही दिवस म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं. त्यांनी आणखी दोन-चार गोष्टी सरळ विचारल्या — काही ठरवलंय का, घरी कोण असतं. ठरवलेलं नाही, खरं तेच सांगितलं. शाबासकी देतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, पाय बरा न होण्याचं हेही कारण असतं, जखमेइतकंच. आणि लगेच वरच्या मजल्यावर नेलं. स्वतः, हाताला धरून. बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं. छताकडे बघायचं सोडून.

वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टर. बारीकशा, सर्दी झालेल्या. रुमाल सारखा हातात. मला वाटलं होतं गादीवर झोपवून लहानपणचं विचारतील. त्यांनी विचारलं, जेवलात का?

रोज एक गोळी, झोपायच्या आधी. घरात सध्या एकटं राहायचं नाही. हिच्या दुकानात माझ्यासाठी खुर्ची. आणि दर आठवड्याला यायचं.

२० एप्रिल, रविवार

चष्म्याच्या दुकानात बसतो. लोक आरशात स्वतःचे चेहरे बघतात, माझ्याकडे कोणी बघत नाही. बरं आहे.

एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, ही फ्रेम कशी दिसतेय. म्हटलं, आधीची बरी होती. त्यांनी आधीची घेतली. ही काउंटरवरून हसली. कितीतरी दिवसांनी.

२३ एप्रिल, बुधवार

मनाच्या डॉक्टर. आज त्यांनी विचारलं, सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते?

मी सांगत सुटलो. वासाची. बुटाच्या टक्‌ टक्‌ची. चौदा वर्षं पथ्य पाळल्याचं नाटक केलं त्याची. मुलांच्या पाण्यात उतरलो त्याची. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, हे झालं पायाचं. पाय नसता तर कशाची वाटली असती?

त्यांना एक शिंक आली.

मग काचेचं सांगितलं. पहिल्यांदाच, दीड महिन्यात. काच म्हणालो तेव्हा घाबरलो होतो, ते एक वेळ माफ. पण शुक्रवारी डॉक्टरने काच नाही म्हणून सांगितलं आणि शनिवारी मावशींना काढल्याचा फोन आला. मध्ये एक अख्खी रात्र होती. फोनवर नुसतं 'थांबा' म्हणायचं होतं. मी बरं म्हणालो.

असं होतं माणसाकडून, स्वतःला दोष देऊ नका, असं काहीतरी म्हणतील ह्याची वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर माझ्याकडे गोळी नाही. त्या बाईंना हे ठाऊक आहे का?"

२५ एप्रिल, शुक्रवार

हिला सांगितलं. दुकान बंद करताना, शटर अर्धं खाली असताना. हिने शटर सोडलं नाही, तसंच धरून ऐकलं सगळं. वाटलं, रिक्षात बोलली होती तसंच एखादं वाक्य बोलेल आणि मला ते जन्मभर पुरेल.

मला सांगून काय उपयोग, म्हणाली. तिला सांगा. आणि शटर खाली ओढलं.

घरी जाताना मात्र माझ्या चालीने चालली. टक्‌ टक्‌.

२६ एप्रिल

पाय पाहिला. आज स्वतः. पट्टी काढून, उजेडात.

अंगठा एकीकडे, बाकीची तीन एकीकडे, मध्ये फट. दात पडलेल्या तोंडासारखं दिसतं. बेडकीचं बरोबर होतं.

तिचं चित्र उघडलं. तलाव, मी, शिट्टी. माझ्या दोन्ही पायांना तिने सहा-सहा बोटं काढलीत. एखादं कमी पडू नये म्हणून असेल.

२ मे, शुक्रवार

क्लब. टक्‌ टक्‌ करत अख्ख्या गॅलरीतून गेलो. मॅनेजरच्या खोलीत उभ्यानेच सांगितलं. चौदा वर्षांची साखर, घट्टा, डॉक्टर काय म्हणाला, कधी म्हणाला. काच नव्हती. रजेचा पगार परत घ्या.

तो आधी माझ्या बुटाकडे बघत राहिला. मग दार लावून घेतलं. आता कशाला सर, म्हणाला. मिटलंय ते प्रकरण. सफाईला आता बाहेरची माणसं येतात. वर कळवलं तर माझ्यावरही येईल, चौकशी न करता काढलं म्हणून. मी म्हटलं, येऊ द्या. दोघांवर येऊ द्या.

लेखी द्या म्हणाला. दिलं. तिथेच, त्याच्याच पेनने. शेवटी माझी नोकरी कमिटीने ठरवावी असंही लिहिलं. सही पाचवीतल्या पोरासारखी आली. मग त्याने स्वतःहून रजिस्टर काढून मावशींचा पत्ता एका चिठ्ठीवर उतरवून दिला. चिठ्ठी हातात ठेवताना म्हणाला, त्या दिवसापासून मलाही ते बरं वाटलेलं नाही.

बाहेर पडताना तलावाकडे बघितलं. चारची बॅच. नवीन कोणी तरुण शिकवतोय. बरं शिकवतोय. बेडकी खोल पाण्यात होती! मला बघून तिने हात वर केला आणि नाकातोंडात पाणी गेलं तिच्या.

३ मे

उद्या जातो. ही म्हणाली, येऊ का? एकटाच जातो म्हणालो. खालच्या दरवाजापर्यंत येते, म्हणाली.

४ मे, रविवार

मावशींची खोली दुसऱ्या मजल्यावर. दारातच सांगितलं सगळं, आत बसलो असतो तर धीर गेला असता. काच नव्हती. मला कळल्यावरही मी गप्प बसलो. तुमचं काम माझ्यामुळे गेलं.

काच नव्हती हे मला ठाऊक होतं, म्हणाल्या.

त्या मंगळवारच्या आधीचे तीन दिवस त्या तेच थेंब पुसत होत्या. मी चालायचो, त्या फडकं घेऊन मागून यायच्या. कोणी पाहिलं तर सरांना काढतील म्हणून. मंगळवारी त्यांना वरच्या जिन्यावर पाठवलं होतं, तेवढेच थेंब पुसायचे राहिले. मला सांगायला दोनदा आल्या होत्या. एवढ्या मोठ्या माणसाला कसं म्हणायचं, तुमच्या पायातून वाहतंय — म्हणून लाजून परत गेल्या. काढलं तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत, कारण ते बरोबरच झालं असं त्यांना वाटलं.

मग माझ्या बुटाकडे बघून त्यांनी विचारलं. बहुतेक दोन महिने हेच विचारायचं होतं त्यांना, आणि माझ्याकडे यायचा धीर होत नव्हता.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर तुमचं बोट राहिलं असतं ना, सर?"